अक्रोडाचे रीळ

२ फेब्रुवारी १९२७, बुधवार

आज हॅलम साहेबांनी बंगल्यावर बोलावले होते. मला वाटले, मराठीचा धडा पुन्हा सुरू करायचा असेल. चार वर्षांपूर्वी ते गिरणीत विणकामाचे मॅनेजर होऊन आले आणि मी त्याच साली शाळेतून मोकळा झालो, तेव्हा त्यांना बाराखडी मीच शिकवली. अजून मला ते पंडित म्हणतात. पण आज टेबलावर पुस्तक नव्हते. दोन रिळे होती. आमच्या सोलापुरात रीळ म्हटले की सूत डोळ्यांपुढे येते. ही मात्र मासे धरण्याची. वेताच्या काठीला खाली बसवायची, दोनशे वार दोरी पोटात ठेवणारी, नारळाएवढी.

साहेब रत्नागिरीला जाणार. तिथे समुद्रात रावस नावाचा मासा आहे, उभा धरला तर माणसाच्या कमरेला लागेल एवढा म्हणतात. तो साहेबांना जाळ्याने नको, आमिषानेही नको. रंगीत पिसे बांधून केलेली खोटी माशी पाण्यावर नाचवायची आणि त्याने फसून ती गिळायची. मला ही कल्पना फार आवडली. कवितेशिवाय दुसरे काय असते हे.

मुंबईच्या दुकानाने दोन रिळे पसंतीला पाठवली आहेत. एक पितळेचे, त्याला आत दोरी आवळून धरणारा ब्रेक आहे. दुसरे अक्रोडाच्या लाकडाचे. साहेब म्हणाले, "पंडित, माझे मन ठरत नाही. शरद म्हणतो, तुमचे कान चांगले. तुम्ही ऐका. महिनाअखेर निघायचे आहे."

शरद, म्हणजे माझा मुलगा शरच्चंद्र, साहेबांच्या ऑफिसात लिहिण्याच्या कामाला आहे. साहेब त्याला बरोबर नेणार आहेत. होडीत त्यांच्याशेजारी तोच बसणार. परत आल्यावर हेडक्लार्कची जागा त्याचीच, असे साहेबांनी उघड बोलून दाखवले आहे. विलायतेला जाणारी पत्रे ते यंत्रावर न टंकता शरदच्या हातून लिहून घेतात, इतके त्याचे अक्षर वळणदार. ते अक्षर माझे आहे. पाच वर्षांचा होता तेव्हा त्याच्या मुठीवर माझी मूठ ठेवून बोरू फिरवला आहे मी.

दोन्ही रिळे मखमलीच्या पेटीत घालून घरी आणली. सूनबाई अनसूया दारात उभी होती. पेटी उघडून पाहिली आणि म्हणाली, "मामंजी, मासे मारायचं चाक ना हे? उंबऱ्याच्या आत नको. ओसरीवरच राहू दे."

"अजून मासा पाहिलेला नाही त्याने," मी म्हणालो.

"पाहणार आहे ना," ती म्हणाली.

५ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस दोन्ही रिळे कानाशी धरून फिरवतो आहे. दोरी ओढली की आतली खिटी दातांवर वाजते. पितळेचे रीळ खाकरते. शाळा तपासायला येणारे एक डेप्युटी होते, ते वर्गात शिरण्यापूर्वी असेच खाकरत आणि मुलांची तोंडे कोरडी पडत.

अक्रोडाचे मात्र गाते. आज दुपारी डोळे मिटून ऐकले आणि अंगावर काटा आला. एक लहान ठोका, दोन लांब. एक लहान, दोन लांब. शुद्ध भुजंगप्रयात. तीस वर्षे फळ्यावर यगण मांडत आलो, पण लाकडाच्या तोंडून वृत्त ऐकले ते आज. बसल्या बसल्या दोन ओळी झाल्या:

निळ्या सागराच्या उरी चालताना
फिरे चाक हे गोड गाणे म्हणूनी

मी समुद्र पाहिलेला नाही. चौसष्टावे चालू आहे. मुलांना लाटा शिकवल्या, गलबते शिकवली, वादळात शीड फाटते ते शिकवले, मागच्या बाकावरचा कोणी विचारी, "मास्तर, तुमी बगितलाय का समिंदर?" तर मी म्हणे, "कवीने पाहिला आहे, पुरे." आता दम्यामुळे जाणे व्हायचे नाही. शरद पाहून येईल.

६ फेब्रुवारी, रविवार

आज शरद, मी आणि मायाप्पा हिप्परग्याच्या तलावावर टांग्याने गेलो. मायाप्पा गिरणीत मागावर आहे. मूळचा मैंदर्गीकडचा, बायकोशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलतो. रविवारी तलावावर गळ टाकून बसतो म्हणून साहेबांनीच त्याला सांगितले होते. मला रीळ कानाशी धरलेले पाहून तो हसला.

"बामन मानूस आन् गळाचं चाक कानाला लावून बसलाय. मासं काय सांगत्यात का मास्तर?"

"ते वृत्तात बोलतात, तुला नाही कळायचं."

"बरं हाय. आमच्याशी न्हाय बोलत कदी."

त्याने दोरीचे टोक कमरेला बांधले आणि काठाकाठाने पळाला, जणू तोच मासा. शरदने काठी धरली. पितळी रीळ खाकरत खाकरत सुटले, पण ब्रेक आवळताच मायाप्पा जागीच थांबला, मागे ओढला जाऊन मातीत बसला. अक्रोडाचे रीळ लावले तेव्हा तो शंभर पावले पळाला आणि रीळ गात राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते उन्हाने नव्हे.

शरद टांगेवाल्याकडे गेला तेव्हा मायाप्पा माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "मास्तर, पितळंचं न्या. ह्ये लाकूड हाय. आमच्या शेडमदी सुतासाटी वाफ सोडत्यात, तवा मागावरचं लाकडी धोटं फुगत्यात आन् अडत्यात. समिंदरात तर दिसभर वलंच की."

मी म्हणालो, हे अक्रोडाचे आहे, विलायती, तेल पाजलेले.

"आसंल. मग यक दिस पान्यात बुडवून ठिवू. न्हाय फुगलं तर खुशाल न्या. मासा लई मोटा आसला आन् चाक आडलं, तर दोरी हातानं सोडावी लागती. साएब काठी धरनार, दोरीत हात घालनार तुमचा शरद."

साहेबांची मखमलीतली वस्तू चिखलाच्या पाण्यात बुडवायची? मी नाही म्हटले. जरा तुटकच म्हटले. तो उठला, धोतराची माती झटकली आणि म्हणाला, "व्हय. तुमी शिकल्याली मानसं." टांग्यात तो पुढे गाडीवानाशेजारी बसला. घरी आल्यावर मी रेशमी फडक्याने अक्रोडाचे रीळ पुसले. त्याला पाण्याचा थेंबही लागला नव्हता.

७ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी पानावर बसताना शरदने विचारले, "अण्णा, मायाप्पा काही म्हणत होता का? साहेबांनी विचारलं आज."

मी म्हणालो, "दोन्ही चांगली आहेत म्हणाला."

अनसूया वाढत होती. शरद बरे म्हणाला आणि जेवू लागला. खरे सांगितले असते तर साहेबांनी पितळेचेच घेतले असते. डेप्युटी खाकरत समुद्रावर गेला असता. मायाप्पाला गिरणीतली ओल ठाऊक, समुद्राची थोडीच? तोही सोलापूरचाच. एवढे लिहून इथे लेखणी थोडा वेळ तशीच धरली. पण झाले ते झाले. रात्री साहेबांना इंग्रजीत शिफारस लिहिली, खाली पूर्ण सही केली: वेणीमाधव बाळकृष्ण आराध्ये.

२६ फेब्रुवारी, शनिवार

आज निघाले. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे घाटातून मोटार. स्टेशनवर अनसूयेने शरदला दशम्या दिल्या, तिकडे खाण्याचे काही चालायचे नाही म्हणून. शरद खिडकीतून म्हणाला, "काय आणू, अण्णा?"

"समुद्र आण," मी म्हणालो. "नीट लिहून पाठव. मी शिकवला तसा आहे की नाही, ते कळव."

रिळाची पेटी त्याच्या मांडीवर होती. गाडी हलली तेव्हा त्याने पेटीवर बोटांनी ठेका धरून दाखवला. एक लहान, दोन लांब.

५ मार्च, शनिवार

तार आली. वाचताना कळेना, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळली. काल होडीत शरदच्या उजव्या हाताला अपघात झाला. जिवाला धोका नाही. तिथल्या इस्पितळात आहे.

अनसूयेला मी 'हाताला लागले आहे' एवढेच सांगितले. ती म्हणाली, "कुठल्या?"

७ मार्च, सोमवार

आज शरदचे पत्र आले. तारेच्या आधी लिहिलेले, तीन तारखेचे. पाकिटावरचे अक्षर पाहून अनसूया धावत आली. हात बरा झाला असे तिला वाटले. तारीख दाखवल्यावर जिथे उभी होती तिथेच बसली.

पत्र इथे उतरवून ठेवतो.

"ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि. समुद्र निळा नाही. सकाळी तो शेणीच्या राखेसारखा असतो. तुम्ही शाळेत शिकवलात तो गर्जत असे. हा गर्जत नाही, झोपलेल्या म्हशीसारखा श्वास टाकतो. त्याला टोक नाही, हे मात्र तुम्ही सांगितले तसेच आहे. हवा इतकी दमट की कागद वाळत नाही, धोतर दोरीवर तीन दिवस ओलेच. तुमचे रीळ इथे आल्यापासून मंद गाते. पहिल्या दिवशी भुजंगप्रयात होता, काल ओवी झाली, आज नुसते गद्य. समुद्रापुढे लाजले असेल. साहेबांना बोललो नाही. तुम्ही मन लावून निवडलेले आहे, वाऱ्यावर सुकले की होईल नीट. उद्या मोठ्या होडीने लांब जायचे आहे..."

काय सुंदर लिहितो. भुजंगप्रयात, ओवी, गद्य. माझ्या वर्गात असे लिहिले असते तर वही साऱ्या शाळेत फिरवली असती. मी ते वाक्य अनसूयेला पुन्हा वाचून दाखवले. तिने पत्र माझ्या हातून घेतले आणि आत गेली.

१९ मार्च, शनिवार

शरद आला. अंगठा आणि करंगळी आहे. मधली तीन नाहीत.

इतकेच लिहवते.

२० मार्च, रविवार

आज तो बोलला. मी विचारले म्हणून बोलला. रावस लागला, फार मोठा. दोरी सुटली, साहेब ओरडले, याने हात घातला, दोरीचा वेढा बोटांना बसला. "सुरीसारखी असते ती दोरी, अण्णा. ओली झाली की दिसत नाही."

"पण हात घातलास कशाला?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "माझीच चूक. घाई झाली."

मी म्हणालो, तू लहानपणापासून उतावळा. तो म्हणाला, "हो." अनसूया दाराशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, त्याने मान हलवली, नको अशा अर्थाने. काय नको ते मला कळले नाही. औषध असेल.

मासा दोरी तोडून गेला.

२२ मार्च, मंगळवार

साहेबांचा पट्टेवाला पार्सल देऊन गेला. आत मखमलीची पेटी, अक्रोडाचे रीळ आणि चिठ्ठी. मराठीत आहे, अक्षर अजून पहिल्या इयत्तेचेच: "पंडित, ही वस्तू तुमची. माझ्या घरात नको."

त्यांना फार लागलेले दिसते. नुसते पाहवत नसेल. आठवण म्हणून मला दिले, हा त्यांचा मोठेपणा. हेडक्लार्कची जागा मात्र दुसऱ्याला गेली. शरदला बरे वाटल्यावर कापडाच्या गोदामाच्या फाटकावर उभे राहायचे काम देणार आहेत.

रीळ हातात घ्यायला धीर होईना. शेवटी घेतले. दोरी काढून टाकलेली आहे. बोटाने फिरवले.

गायले. पहिल्यासारखे, एक लहान, दोन लांब. कुठे अडखळले नाही. मनावरचा एक दगड उतरला, तो कसला होता हे मात्र सांगता येत नाही.

३ एप्रिल, रविवार, वर्षप्रतिपदा

गुढी उभारली. पाडव्याला मुलांकडून पाटीची पूजा करवतात, म्हणून आज शरदला पाटी दिली. डाव्या हाताने लिहायचे. त्याच्या डाव्या मुठीवर मी माझी मूठ ठेवली. तीस वर्षांचा पुरुष, मिशा आहेत, आणि 'श्री' काढताना जीभ दातांत धरली होती, तेव्हाच्यासारखी. श्री उलट्या बाजूला कलंडली.

"येईल," मी म्हणालो.

"येईल," तोही म्हणाला. माझी समजूत घालत होता की काय.

१० एप्रिल, रविवार

मायाप्पा शरदला भेटायला आला. चिवड्याचा पुडा आणला होता, तो ओसरीवर ठेवला. शरद आत झोपला होता. मी त्याला रीळ दाखवले. म्हटले, "बघ, तू उगाच शंका काढलीस. ऐक, काही झालंय का याला?" आणि फिरवले.

त्याने रिळाकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"हितं फिरनारच की, मास्तर. हितं हाडं बी वाळत्यात."

"म्हणजे?"

"काय न्हाय."

अनसूया पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. म्हणाली, "मायाप्पा, कसली शंका काढली होती तुम्ही?"

"न्हाय वैनी. तलावावर कायतरी बोल्लो आसन. याद न्हाय आता." तांब्यातले पाणी न पिता तो उठला.

तो खरेच विसरला असेल. माणसे विसरतात. मी विसरलेलो नाही, कारण ते माझ्या वहीत आहे.

१३ एप्रिल, बुधवार

रीळ पेटीत नाही. अनसूयेला विचारले. म्हणाली, "असेल इथेच." कैऱ्या आल्या आहेत, तिची खाराची गडबड चालली आहे. घरात मिठाच्या पाण्याचा वास आहे. समुद्राचा वास असाच असतो का, हे शरदला विचारायचे राहिले.

१४ एप्रिल, गुरुवार

दुपारी मी ओसरीवर पडलो होतो. अनसूया आली. हातात खाराची चिनी मातीची बरणी. या बरणीला ती आंघोळीशिवाय हात लावत नाही, दुसऱ्याची सावली पडू देत नाही. तिने आत हात घातला आणि अक्रोडाचे रीळ बाहेर काढले. ते काळे दिसत होते. पाणी गळत होते.

"मामंजी, चालवून बघा."

मी म्हणालो, अगं, बरणी बाटली.

"बाटू दे. चालवून बघा."

मी फिरवले. पाव वेढा गेले आणि थांबले. जोर लावला. दोन्ही हात लावले. लाकूड कड्याला असे भिडले होते की मध्ये नखही जाईना. आवाज नाही. एकही मात्रा नाही.

"मंगळवारी सकाळी घातलं होतं," ती म्हणाली. "तीन दिवस पण नाही झाले. तिथं पाच दिवस होतं. चाक अडलं, साहेब ओरडले, म्हणून यांनी दोरीत हात घातला. मला पहिल्याच रात्री सांगितलंय. अण्णांना कळू देऊ नकोस म्हणाले, त्यांनी हौसेनं निवडलं होतं." तिने ओला हात पदराला पुसला. "हौसेनं निवडलं, ते मीही गिळलं असतं. पण मायाप्पा काय म्हणाले होते, मामंजी?"

मी म्हणालो, "बुडवून बघू म्हणाला होता."

अनसूया बरणी घेऊन परसात गेली. फुटल्याचा आवाज आला. हातातून निसटली असेल, असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे.

१५ एप्रिल, शुक्रवार

ही वही पहिल्यापासून वाचली. सात फेब्रुवारीचे पान दोनदा वाचले. अनसूयेने शरदला काही सांगितलेले नाही. तिने सांगितले असते तर बरे झाले असते. ते माझ्यासाठी ठेवले आहे तिने.

१६ एप्रिल, शनिवार

सकाळी शरद पाटी घेऊन बसला होता. तो रोज माझ्यासमोर बसतो, उजवा हात मांडीवर उघडा ठेवून, म्हणजे मला पाहायची सवय व्हावी. पट्टी आता नाही. आज 'समुद्र' लिहीत होता. 'स' जमला होता, 'मु'ची शेपटी घसरली होती.

मी म्हणालो, "शरद, रीळ अडलं होतं. मला कळलं."

त्याने मान वर केली नाही. "लाकूड काय, अण्णा. तुम्हांला कुठं ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. मायाप्पाने तलावावरच सांगितलं होतं. दोरीत हात तुझा जाईल हेही म्हणाला होता. तू मला विचारलंस, पानावर बसताना. मी खोटं बोललो."

तो लिहीत होता तो थांबला. पेन्सील पाटीवर टेकलेली ठेवूनच विचारले, "का?"

मला पुष्कळ सांगता आले असते. तीस वर्षे वर्गापुढे बोललो आहे. मी म्हणालो, "त्याचा आवाज आवडला होता."

शरदने पाटी पुसली. नुसता हात फिरवून पुसली, फडके घेतले नाही. मग खुंटीवरचे उपरणे ओढले आणि उजव्या हातावर घेतले. तो हात त्याने माझ्यापासून आज पहिल्यांदा झाकला.

अनसूयेने आतून हाक मारली, तो उठून गेला. पाटी इथेच आहे.

रीळ मी खिडकीत ठेवले आहे. बाहेर ऊन कडक आहे, वारा कोरडा. दोन दिवसांत ते पुन्हा फिरू लागेल.